‘टेन्शन घेऊ नका’ हा उपचार नव्हे

मुलाला शाळेत सोडून आई परत निघालेली. शाळा घरापासून मैलभरावर. तेवढ्या वाटेतही तिला गाडी रस्त्याच्या कडेला लावून झोपावं लागायचं, इतकी तिची ताकद संपलेली असायची. ही आई म्हणजे अमेरिकी अभिनेत्री सेल्मा ब्लेअर. फेब्रुवारी २०१९ मध्ये ‘गुड मॉर्निंग अमेरिका’ या कार्यक्रमात तिने हे सांगितलं. मल्टिपल स्क्लेरोसिसचं (एमएस) निदान तिला आदल्या वर्षी झालं होतं, पण त्रास मुलाच्या जन्मापासून मागे लागलेला होता. डॉक्टर तिची तक्रार गांभीर्याने घेत नसत. एकटी आई आहेस, दमतेस, पैशाची विवंचना आहे, असं तिच्या थकव्याचं स्पष्टीकरण दिलं जाई.

हे स्पष्टीकरण अमेरिकेपुरतं नाही आणि निदान होण्याआधीच्या काळापुरतंही नाही. एमएसचा रुग्ण आपल्याकडे तपासणीच्या खोलीत सांगतो, ‘डॉक्टर, रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही.’ त्यावर मिळणारी उत्तरं साधारण तीन असतात. पहिलं, टेन्शन घेऊ नका. दुसरं, आजारच असा आहे, थकवा राहणारच. तिसरं उत्तर चिठ्ठीवर लिहिलेलं असतं: झोपेची गोळी, रात्री एक. घरी आल्यावर त्यात नातेवाइकांची भर पडते. दिवसा झोपतेस म्हणून रात्री झोप येत नाही, मन कशात तरी गुंतव, गरम दूध पी. बोलणाऱ्यांच्या मनात माया असते, यात शंका नाही. पण ही तिन्ही उत्तरं वैद्यकीयदृष्ट्या चुकीची किंवा अपुरी आहेत आणि त्यांच्यामुळे बरा होऊ शकणारा त्रास वर्षानुवर्षं तसाच राहतो. म्हणून त्यांचा प्रतिवाद करायला हवा.

आजाराचं स्वरूप आधी ध्यानात घेऊ. मेंदू, डोळ्यांच्या नसा आणि मज्जारज्जू यांतल्या चेतातंतूंवर मायेलिन नावाचं आवरण असतं. शरीराची स्वतःचीच प्रतिकारयंत्रणा त्यावर हल्ला चढवते, जागोजागी व्रण पडतात आणि संदेश अडखळतात. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात झाँ-मार्तां शार्को यांनी १८६८ मध्ये या आजाराची स्पष्ट मांडणी केली. २०२० च्या जागतिक पाहणीनुसार जगात सुमारे २८ लाख लोकांना तो आहे, निदानाचं सरासरी वय ३२ आणि स्त्रियांची संख्या पुरुषांच्या किमान दुप्पट. भारतात हा आजार जवळपास नाहीच, अशी समजूत फार काळ होती. मुंबईत नोशीर वाडिया यांच्यासारख्या मज्जाविकारतज्ज्ञांनी पारशी समाजातल्या रुग्णांची नोंद करून तिला पहिले तडे दिले. पुढे मंगळूर शहरातल्या पाहणीत लाखामागे आठांहून थोडे अधिक रुग्ण आढळले. निदानाचं वय पाहिलं तर नोकरी, संसार, लहान मुलं हे सगळं ऐन भरात असलेल्या वयातला हा आजार आहे. त्या वयातली रात्र हातची गेली की दुसरा दिवसही जातो.

आता ‘टेन्शन’. एमएसमध्ये काळजी असते, नैराश्य तर इतर लोकांपेक्षा बरंच जास्त असतं आणि दोन्हींमुळे झोप उडते. हे नाकारण्याचं कारण नाही. पण नैराश्य हाही एक आजार आहे, त्याला औषध आहे, समुपदेशन आहे. ‘मनावर घेऊ नका’ म्हणून त्याची बोळवण करणं हा तिथेही उपचार ठरत नाही. आणि त्याहून महत्त्वाचं, मन शांत असलेल्या रुग्णाचीही झोप उडते. कारण झोपेचा कारभार चालवणारी केंद्रं, श्वासाची लय सांभाळणारा मस्तिष्कस्तंभ, मूत्राशयाला आदेश देणारे मज्जारज्जूतले मार्ग आणि स्नायूंचा ताण ठरवणाऱ्या नसा, या सगळ्या ठिकाणी व्रण पडू शकतात. हायपोथॅलॅमसमध्ये दोन्ही बाजूंना व्रण पडले तर क्वचित नार्कोलेप्सीसारखी, दिवसा अनावर झोपेची अवस्था येते. अशा माणसाला ध्यान करायला सांगून काय साधणार?

इटलीतल्या अनेक केंद्रांनी मिळून केलेला आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास इथे पाहण्यासारखा आहे. त्यात एमएसचे ८६१ रुग्ण होते आणि तुलनेसाठी ६४९ निरोगी माणसं. रात्री पाय स्थिर ठेवू न देणारा विकार, ज्याला डॉक्टर ‘रेस्टलेस लेग्ज’ म्हणतात, तो निरोगी गटात ४.२ टक्के लोकांना होता. एमएसच्या गटात तो १९ टक्क्यांना होता. चिंता दोन्ही गटांत असणारच. पण एवढा फरक केवळ चिंतेने समजावता येत नाही.

या पायांच्या दुखण्याबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं, कारण ते सगळ्यांत जास्त दुर्लक्षित आणि तरीही बऱ्यापैकी आवाक्यातलं आहे. रुग्णाला ते नीट सांगता येत नाही. ‘पाय वळवळतात’, ‘आतून शिवशिवतं’, ‘पाय झाडावेसे वाटतात’, असं काहीतरी तो म्हणतो. ऐकणारा त्याला मुंग्या समजतो, पोटऱ्यांतले गोळे समजतो किंवा एमएसमधला स्नायूंचा ताठरपणा समजून त्यावरची गोळी वाढवतो. ओळख पटवायला यंत्र लागत नाही. पाय हलवण्याची अनावर इच्छा होते का, स्वस्थ बसलं किंवा पडलं की ती वाढते का, चाललं की तेवढ्यापुरतं बरं वाटतं का आणि संध्याकाळनंतर त्रास जास्त होतो का? हे चार प्रश्न विचारले आणि पायांना तशा वेदना देणारं दुसरं कारण नाही याची खात्री केली की निदानाजवळ पोहोचता येतं.

पुढची पायरी म्हणजे रक्तातलं फेरिटिन, अर्थात शरीरातला लोहाचा साठा. मेंदूत लोह कमी पडणं आणि हा विकार यांचा संबंध चांगला प्रस्थापित झालेला आहे. हिमोग्लोबिन ठीक असूनही साठा रिकामा असू शकतो, म्हणून ‘रक्त ठीक आहे’ एवढ्यावर थांबून चालत नाही. या विकारात फेरिटिन लिटरमागे ७५ मायक्रोग्रॅमपर्यंत किंवा त्याखाली असेल तर लोह देण्याचा विचार करावा, असं तज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. प्रयोगशाळेच्या अहवालात मात्र याहून बराच कमी आकडाही ‘नॉर्मल’ म्हणून छापलेला असतो आणि तो पाहून सगळे निश्चिंत होतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, भारतातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. एमएस मुख्यतः याच वयातल्या स्त्रियांचा आजार आहे. ज्या देशात निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या रक्ताची ही अवस्था, तिथे पाय वळवळणाऱ्या एमएसच्या रुग्ण स्त्रीचं फेरिटिन न तपासता तिला मन रमवायला सांगणं अक्षम्य आहे.

काही औषधं हाच त्रास वाढवतात. सर्दी-ॲलर्जीच्या ज्या गोळ्यांनी गुंगी येते त्या, उलटी थांबवणारी मेटोक्लोप्रमाइडसारखी गोळी, नैराश्यावरची अनेक औषधं. ॲमिट्रिप्टिलिन तर एमएसमधल्या नसांच्या वेदनेसाठी आणि ‘झोपही लागेल’ या हिशेबाने सर्रास दिलं जातं. ज्याचे पाय आधीच वळवळतात त्याच्या बाबतीत ते उलटू शकतं. याउलट गॅबापेंटिन आणि त्याच्या जातीची औषधं, जी एमएसच्या डॉक्टरांच्या रोजच्या ओळखीची आहेत, त्यांना अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनने २०२५ च्या सूचनांत या विकारासाठी वरचं स्थान दिलं आहे. म्हणजे इथे कोणी नवं आणि महागडं औषध मागत नाही. योग्य निदानासाठी योग्य गोळी निवडावी, एवढीच मागणी आहे.

दुसरं उत्तर जास्त चिवट आहे, कारण ते विज्ञानाच्या भाषेत येतं. थकवा हे एमएसचं सर्वांत सर्रास आढळणारं लक्षण आहे, तो मेंदूतल्या व्रणांमुळेच येतो, मग झोपेचं वेगळं काय काढायचं? यात अर्धं सत्य आहे. आजाराचा स्वतःचा थकवा असतोच. पण बर्लिनच्या शारिते रुग्णालयात क्रिस्टियान फोटिए आणि सहकाऱ्यांनी एमएसच्या ६६ रुग्णांची रात्रभर झोपेची तपासणी केली आणि २०११ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्यांना तीव्र थकवा होता त्यांच्यापैकी ९६ टक्के रुग्णांना झोपेचा कोणता ना कोणता विकार सापडला. थकवा नसलेल्यांत हे प्रमाण ६० टक्के होतं. गट लहान आहे आणि एका शहरातला आहे, हे मान्य. तरी ज्या थकव्याला ‘आजाराचाच’ म्हणून फाइल बंद केली जाते, त्यामागे रात्र तपासली तर बहुतेकांच्या बाबतीत काहीतरी हाती लागतं, हे त्यातून दिसतं. थकव्याच्या दहा कारणांपैकी चार काढता येत असतील, तर उरलेली सहा काढता येत नाहीत म्हणून त्या चारांनाही हात लावायचा नाही, हा कुठला न्याय?

थकव्यावर थेट गोळी देण्याचं काय झालं तेही पाहा. अमांटाडिन, मोडाफिनिल आणि मेथिलफेनिडेट ही तीन औषधं एमएसच्या थकव्यासाठी वर्षानुवर्षं लिहिली जात होती. सॅन फ्रान्सिस्को आणि बाल्टिमोर इथल्या केंद्रांत १४१ रुग्णांवर त्यांची औषध नसलेल्या निर्जीव गोळीशी तुलना झाली. ‘लॅन्सेट न्यूरॉलॉजी’त २०२१ मध्ये आलेला निकाल असा की थकवा कमी करण्यात तिन्हींपैकी एकही औषध निर्जीव गोळीपेक्षा सरस ठरलं नाही, आणि दुष्परिणाम मात्र जास्त झाले. म्हणजे ‘आजाराचाच थकवा’ असं ठरवून त्यावर द्यायचं म्हटलं, तरी डॉक्टरांच्या हाती खात्रीचं औषध नाही. मग थकवा कशाने येतो याचा शोध घेण्याचं काम टाळायचं कारण काय?

उत्तर कॅलिफोर्नियातली एक पाहणी या टाळाटाळीचं मोजमापच देते. डेव्हिस इथल्या विद्यापीठातल्या संशोधकांनी एमएस असलेल्या २,३७५ जणांच्या प्रश्नावल्या तपासल्या आणि २०१४ मध्ये निष्कर्ष मांडले. झोपेत श्वास अडण्याच्या विकाराची शंका घ्यावी असे ३७.८ टक्के निघाले, पण डॉक्टरांनी तसं निदान केलेले फक्त ४ टक्के. मध्यम ते तीव्र निद्रानाश ३१.६ टक्क्यांना, निदान ११ टक्क्यांचं. पायांच्या विकाराची लक्षणं ३६.८ टक्क्यांना, निदान १२ टक्क्यांचं. प्रश्नावलीवरची शंका म्हणजे निदान नव्हे, आणि उत्तरं पाठवणाऱ्यांत त्रास असलेलेच जास्त असू शकतात, हा आक्षेप रास्त आहे. त्यासाठी आकडे निम्मे केले तरी दरी भरत नाही. आणि ही स्थिती झोपेच्या प्रयोगशाळांची वाण नसलेल्या अमेरिकेतली. आपल्याकडे ती याहून बरी असेल असं मानायला आधार नाही.

श्वास अडण्याच्या विकाराबद्दल आणखी एक गैरसमज आहे. तो जाड्या, घोरणाऱ्या पुरुषांचा आजार मानला जातो. बारीक अंगाची, तिशीतली बाई समोर असली की डॉक्टरांच्या मनात तो येतच नाही. स्त्रिया अनेकदा घोरण्याची तक्रार घेऊन येतच नाहीत, त्या थकवा, सकाळची डोकेदुखी आणि तुटक झोप सांगतात. मिशिगन विद्यापीठात टिफनी ब्रेली यांच्या गटाने २०१२ मध्ये दाखवलं की एमएसच्या ज्या रुग्णांच्या मस्तिष्कस्तंभाला इजा झालेली होती, त्यांच्यात हा विकार जास्त तीव्र होता. एमआरआयचा अहवाल डॉक्टरांच्या टेबलावरच असतो आणि व्रण कुठे आहे ते त्यात लिहिलेलं असतं. तिथे व्रण दिसला की रात्रीच्या श्वासाबद्दल विचारायलाच हवं.

मूत्राशयाकडे वळलं की ‘टेन्शन’वाल्या उत्तराचा फोलपणा सगळ्यांत उघड होतो. रात्री तीन-चार वेळा लघवीला उठणाऱ्या माणसाची झोप सलग कशी लागणार? एमएसमध्ये बहुसंख्य रुग्णांना कधी ना कधी लघवीचा त्रास होतो. मूत्राशय थोडंसं भरताच आकुंचन पावतं किंवा पुरतं रिकामं होत नाही, आणि कधी दोन्ही एकदम होतं. चालण्याचा तोल गेलेल्या माणसाला अंधारात, काठी शोधत, भारतीय पद्धतीच्या संडासापर्यंत जायचं म्हणजे प्रत्येक खेप पडण्याची भीती घेऊन येते. यावर घरोघरी सापडणारा उपाय म्हणजे पाणी तोडणं. दुपारनंतर घोटभरही घ्यायचं नाही. प्रवासाला निघालेल्या बायका तर दिवसभर पाणी पीत नाहीत, कारण वाटेत स्वच्छतागृह मिळेल याची खात्री नसते. त्याने बद्धकोष्ठ वाढतो, लघवीला जंतुसंसर्ग होतो आणि एमएसमध्ये असा संसर्ग झाला की जुनी लक्षणं उसळून येतात, पाय जड होतात, आजाराचा नवा झटका आला की काय अशी धावपळ उडते.

संध्याकाळनंतर पाणी बेताने घेणं योग्यच, पण दिवसभराचं पाणी तोडणं घातक. तीन दिवस वही ठेवून किती प्यायलं, किती वेळा आणि किती लघवी झाली ते लिहिलं तर डॉक्टरांना पुष्कळ कळतं. लघवीनंतर सोनोग्राफी करून आत किती उरलं ते पाहता येतं. मूत्राशय शांत करणाऱ्या गोळ्या आहेत. त्या पुरल्या नाहीत तर बोटुलिनम टॉक्सिनची इंजेक्शनं आहेत, ज्यांना एमएस आणि मज्जारज्जूच्या इजेतल्या अशाच त्रासासाठी अमेरिकेत २०११ मध्ये मान्यता मिळाली. लघवी उरतच असेल तर स्वतः नळी घालून ती काढायला शिकता येतं. ऐकताना भीती वाटते, पण त्याने अनेकांच्या रात्री सलग होतात. रात्री मूत्र कमी तयार व्हावं म्हणून डेस्मोप्रेसिनही देता येतं, मात्र त्याने रक्तातलं सोडियम घसरू शकतं, म्हणून ते देखरेखीखालीच. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्याच्या पायांत उतरलेलं पाणी रात्री आडवं झाल्यावर रक्तात परत येतं आणि लघवी वाढते. दुपारी पाय उंचावर घेऊन पडणं हा त्यावर फुकटचा उपाय. आणि झोपेत श्वास अडत असेल तर त्यानेही रात्रीचं मूत्र वाढतं. मूत्राशयावर महिनोन्महिने उपचार करून गुण येत नसेल, तर दोष श्वासात असू शकतो. एका तक्रारीचा माग दुसऱ्या अवयवापर्यंत नेणं हेच तर वैद्यकाचं काम आहे.

उपचारही झोप मोडतात. आजाराचा झटका आला की मिथाइलप्रेडनिसोलोनचं सलाईन दिलं जातं, बहुधा रोज १,००० मिलिग्रॅम, तीन ते पाच दिवस. या औषधाने झोप उडते हे प्रत्येक डॉक्टरला माहीत असतं. तरी खाट, नर्स, नातेवाइकांची सवड यांची जुळवाजुळव होता होता सलाईन संध्याकाळी लागलं, तर त्या रात्री रुग्ण टक्क जागा राहतो आणि ‘तुम्ही फार घाबरलात’ असं त्याला ऐकवलं जातं. शक्य तिथे ते सकाळी लावावं, एवढ्याने फरक पडतो. इंटरफेरॉनच्या इंजेक्शननंतर काही तासांनी थंडी-ताप आणि अंगदुखी येते. झोपेत निभावून जावं म्हणून ते रात्री घेण्याची पद्धत आहे आणि पुष्कळांना ती मानवते. ज्याला मानवत नाही त्याने डॉक्टरांशी बोलून वेळ बदलून पाहावी. ही मुभा त्याला कोणीतरी सांगायला हवी.

झोपेच्या गोळीबद्दल बोलताना तोल सांभाळायला हवा. झटक्याच्या दिवसांत, स्टेरॉइड चालू असताना, काही रात्रींपुरती ती देणं समजण्यासारखं आहे. आक्षेप आहे तो कारण न शोधता महिनोन्महिने चालू राहणाऱ्या गोळीला. अल्प्राझोलाम आणि झोल्पिडेम ही औषधं भारतात २०१४ पासून ‘एच-१’ अनुसूचीत आहेत. दुकानदाराने प्रत्येक विक्रीची वेगळी नोंद ठेवायची, इतकी ती जपून वापरायची. एमएसच्या रुग्णाच्या बाबतीत धोका दुप्पट. स्नायू आधीच दुबळे, तोल आधीच गेलेला, वर रात्री लघवीला उठायचं. गोळीच्या गुंगीत पडणं ओघानेच आलं. अल्प्राझोलामच्या गटातल्या औषधांनी श्वास अडण्याचा विकार बळावू शकतो आणि स्मरण-एकाग्रतेवर परिणाम होतो, जिथे एमएसने आधीच घाव घातलेला असतो. ताठरपणासाठी घेतलेलं बॅक्लोफेन किंवा टिझानिडिनही गुंगी आणतं. एकावर एक गुंगी चढवून मिळालेली बेशुद्धी म्हणजे विश्रांती नव्हे.

मग गोळीऐवजी सल्ला? झोपेसाठी वर्तमानपत्रांतून आणि मोबाइलवरून जे सरसकट सल्ले दिले जातात ते एमएसचा माणूस डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेले नसतात. ‘झोपण्याआधी गरम पाण्याने अंघोळ करा.’ एमएसमध्ये शरीराचं तापमान वाढलं की लक्षणं तात्पुरती बळावतात; श्रमांनंतर रुग्णांची नजर तात्पुरती अंधुक होते, हे विल्हेल्म उथहोफ या जर्मन नेत्रतज्ज्ञाने १८९० मध्येच नोंदवलं. नागपूर-चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो, रात्रीही भिंती तापलेल्या असतात आणि वीज गेली की कूलर बंद. अशा रात्री एमएसच्या रुग्णाला कोमट नव्हे, थंड पाणी हवं, ओला पंचा हवा, खोलीतला गारवा हवा. त्याच्यासाठी कूलर ही चैन ठरत नाही. ‘झोप आली नाही तर उठून दुसऱ्या खोलीत जा.’ हा सल्ला निद्रानाशावरच्या वर्तन-उपचाराचा भाग आहे आणि तो उपचार उत्तम आहे. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ मध्ये जुनाट निद्रानाशावर गोळीच्या आधी त्यालाच पसंती दिली. एमएसच्या रुग्णांवरही त्याचे लहान प्रयोग झाले आहेत, कॅन्सस विद्यापीठात कॅथरीन सिएंगसुकॉन यांच्या गटाने केलेले त्यांपैकी प्रमुख, आणि निकाल आशा वाढवणारे आहेत. पण ज्याला पलंगावरून उठायला आधार लागतो, त्याला हे पाऊल पलंगावरच उठून बसणं, दिवा लावून वाचणं असं बदलून द्यावं लागतं. दुपारची डुलकी पूर्ण बंद करा, हेही तसंच. थकव्याने गळून गेलेल्या माणसाला बेतशीर, ठरलेल्या वेळेची विश्रांती लागते. ती काढून घेणं म्हणजे शिस्त नव्हे. घरातल्यांनी दुपारी आडव्या झालेल्या सुनेला आळशी ठरवण्याआधी तिची रात्र कशी गेली हे विचारावं.

या सगळ्याला एक दमदार आक्षेप आहे आणि तो टाळून पुढे जाणं अप्रामाणिक ठरेल. झोपेचे विकार एमएसमध्ये आढळतात हे खरं, पण ते सुधारल्यावर थकवा जातो याचा भक्कम पुरावा कुठे आहे? माँट्रियलच्या मॅक्गिल विद्यापीठातल्या संशोधकांनी श्वास अडण्याचा विकार असलेल्या एमएस रुग्णांवर प्रयोग केला. काहींना हवेचा दाब देणारं खरं सीपॅप यंत्र दिलं, काहींना तसंच दिसणारं पण परिणाम न करणारं यंत्र, आणि सहा महिने निरीक्षण केलं. थकव्याच्या गुणांत दोन्ही गटांमध्ये ठोस फरक दिसला नाही. हा निकाल महत्त्वाचा आहे. मात्र प्रयोग लहान होता आणि मध्येच सोडून जाणारेही होते. शिवाय सीपॅप थकव्याच्या प्रश्नावलीसाठी देत नाहीत. झोपेत वारंवार अडणारा श्वास रक्तदाब आणि हृदयविकाराशी जोडलेला आहे, तो एमएस नसलेल्या माणसाला सापडला तर उपचार करायचे आणि एमएस असलेल्याला मात्र ‘थकवा काही जाणार नाही’ म्हणून वंचित ठेवायचं, हे कोणत्याही तर्काला धरून नाही. एका विकाराच्या उपचाराने थकवा हलला नाही, याचा एक सरळ अर्थ असाही होतो की एकाच रुग्णात अनेक कारणं असतात आणि ती सगळी पाहावी लागतात. उद्या मोठ्या प्रयोगांनी वेगळं काही दाखवलं तर मत बदलावं. तोवर पुराव्याची उणीव ही तपासणी न करण्याची सबब होऊ शकत नाही.

झोप बिघडणं हा केवळ आजाराचा परिणाम आहे, हीसुद्धा आता सुरक्षित समजूत राहिलेली नाही. स्वीडनमधल्या २,०७५ रुग्णांची आणि ३,१६४ निरोगी माणसांची तुलना २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. १५ ते १९ या वयात रात्री सात तासांहून कमी झोपणाऱ्यांत पुढे एमएस होण्याचा धोका सुमारे ४० टक्क्यांनी जास्त दिसला. झोपेच्या अभावाने एमएस होतो, असं यातून सिद्ध होत नाही. आठवणीतून सांगितलेल्या झोपेवर हा अभ्यास उभा आहे. पण प्रतिकारयंत्रणा आणि झोप यांचं नातं वरवरचं नाही, हा इशारा त्यात आहे.

उरला वेळेचा प्रश्न. सरकारी रुग्णालयातल्या बाह्यरुग्ण विभागात न्यूरॉलॉजिस्टला एका रुग्णामागे काही मिनिटं मिळतात. त्यात पाय, डोळे, तोल, एमआरआय, महागड्या औषधांची सोय, एवढं सगळं बसवायचं. डॉक्टरांवरचा हा भार खरा आहे आणि इथला राग व्यक्तीवर नाही. राग आहे तो काय मोजायचं हे ठरवणाऱ्या सवयीवर. जॉन कुर्ट्झके यांनी १९८३ मध्ये मांडलेली शून्य ते दहा अशी अपंगत्वाची मोजपट्टी आजही जगभर वापरली जाते. चारच्या पुढे ती प्रामुख्याने किती अंतर चालता येतं यावर उभी आहे. चालता येतं पण रात्र हातची गेलेली, दुपारी दोनला डोळे मिटायला लागतात, फाइल वाचताना ओळ सुटते, असा माणूस या पट्टीवर जवळपास ठणठणीत दिसतो. भारतात २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने मल्टिपल स्क्लेरोसिसचं नाव २१ प्रकारांच्या यादीत घेतलं, हे मोठं पाऊल होतं. त्याच कायद्याने सरकारी आस्थापनांवर दिव्यांग कर्मचाऱ्यांना रास्त सोयी देण्याची जबाबदारी टाकली आहे. रात्रपाळीतून सूट, दुपारी वीस मिनिटं पडायला जागा, ही त्या सोयींत सहज बसणारी मागणी आहे. पण ती करायची तर झोपेचा त्रास केसपेपरवर लिहिलेला असायला हवा, आणि तो तिथे नसतोच, कारण विचारलंच जात नाही.

विचारायला डॉक्टरांचा वेळ खर्ची पडण्याचीही गरज नाही. बाहेर बाकावर थांबलेल्या रुग्णाकडून मराठीत छापलेला एक कागद भरून घेता येतो: झोप लागायला किती वेळ लागतो, रात्री किती वेळा आणि कशासाठी उठता, पाय वळवळतात का, सकाळी डोकं दुखतं का, दिवसा बसल्या जागी डोळा लागतो का, संध्याकाळनंतर कोणती औषधं घेता. मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडियाच्या मुंबई-पुण्याच्या शाखांनी असा कागद तयार करून न्यूरॉलॉजिस्टच्या हाती दिला, तर काम आणखी सोपं होईल. काही प्रश्न मात्र रुग्णाला विचारून उपयोग नसतो, कारण ते घडतं तेव्हा तो झोपलेला असतो. घोरतात का, श्वास मध्येच थांबतो का, झोपेत पाय झाडतात का, याचं उत्तर शेजारी झोपणाऱ्या माणसाकडे असतं. नवरा असो, बायको, आई किंवा बहीण, तो माणूस बहुतेक वेळा हातात एमआरआयची पिशवी घेऊन दाराशी उभा असतो. त्याला आत बोलवावं, खुर्ची द्यावी आणि हे तीन प्रश्न त्याला विचारावेत.